कर्त्या वयातील स्मृतिभ्रंश आणि मुदतींचे कायदे

त्र्यंबक रस्त्याने सातपूरच्या औद्योगिक वसाहतीकडे सकाळच्या पाळीला निघालेला कामगार, नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयात हजेरी लावणारा यंत्रचालक, ओझरच्या विमान कारखान्यातील जोडारी, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातील तंत्रज्ञ आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन बस बदलून जाणारी शिक्षिका, ही सारी माणसे तीस ते साठ या वयाची असतात. त्यांच्या पगारावर घराचे हप्ते, मुलांची शिक्षणे आणि बहुधा गावाकडच्या आईवडिलांचे औषधपाणी अवलंबून असते, आणि या शहराची जी काही सुस्थिती आहे ती अशाच माणसांच्या नित्याच्या हजेरीवर उभी आहे. या वयाच्या माणसालाही स्मृतिभ्रंश होतो, ही गोष्ट मात्र आपल्या समाजाच्या कल्पनेत अद्याप पुरती उतरलेली नाही, आणि म्हणून आपल्या कायद्यांच्या व कचेऱ्यांच्या कल्पनेतही ती उतरलेली नाही.

विस्मरण हा वार्धक्याचा धर्म अशी आपली पिढीजात समजूत आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘अस्तु’ या चित्रपटातून हा आजार मराठी प्रेक्षकांपुढे विलक्षण करुण सामर्थ्याने मांडला, तेव्हाही त्याचा नायक संस्कृतचा निवृत्त प्राध्यापकच होता. वैद्यकाचा इतिहास वेगळे सांगतो. सन १९०१ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या इस्पितळात डॉ. अलॉइस अल्झायमर यांच्यापुढे जी रुग्णा आली तिचे वय अवघे ५१ होते. १९०६ साली ती निवर्तल्यावर तिच्या मेंदूचे जे सूक्ष्म परीक्षण झाले त्यावरून या व्याधीचे वर्णन प्रथम सिद्ध झाले, १९१० साली तिला अल्झायमर यांचे नाव मिळाले, आणि पुढे कित्येक दशके ते नाव वार्धक्यापूर्वी होणाऱ्या स्मृतिभ्रंशालाच लावण्याचा प्रघात होता. आज ज्याला आपण अपवाद समजतो तोच या व्याधीचा मूळ नमुना होय. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक संकलनानुसार ३० ते ६४ या वयोगटात दर लाख माणसांमागे सुमारे ११९ जणांना स्मृतिभ्रंश असतो. नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच ६१ लाखांवर होती, आणि हे प्रमाण येथेही तसेच धरले तर एवढ्या एका जिल्ह्यात असे दोन हजारांहून अधिक रुग्ण असले पाहिजेत. त्यांतले फारच थोडे या नावाने ओळखले जात असतील.

ते ओळखले का जात नाहीत, याचे कारण आजाराच्या स्वरूपातच आहे. कर्त्या वयात तो विस्मरणाच्याच वेशात येईल असा नेम नसतो. मेंदूच्या पुढच्या भागापासून सुरू होणाऱ्या प्रकारात स्मरण बराच काळ शाबूत राहते आणि बिघडतो तो स्वभाव: आयुष्यभर मोजून बोललेला मनुष्य वरिष्ठांना एकेरीत बोलू लागतो, काटकसरीने संसार केलेली स्त्री कोणालाही पैसे देऊन टाकते, दुःखद बातमी ऐकून एखादा हसतो. दुसऱ्या एका प्रकारात शब्द सापडेनासे होतात. आणखी एकात डोळे निकोप असूनही पायरी किती खोल आहे हे कळत नाही आणि यंत्रावर हात कोठे ठेवावा याचा अंदाज चुकतो. कारखान्यात या साऱ्याचे रूपांतर कागदात होते. भांडारातील साठ्याची नोंदवही जुळत नाही, नकाशा तीनदा वाचूनही सुटा भाग चुकीचा कापला जातो, रजा न टाकता माणूस गैरहजर राहतो, आणि मग क्रमाने समज, मेमो, ‘कारणे दाखवा’ची नोटीस आणि विभागीय चौकशी या पायऱ्या चढत प्रकरण बडतर्फीपाशी येऊन ठेपते. घरी तोवर दारूचा, दुसऱ्या एखाद्या संबंधाचा किंवा नुसत्या आळसाचा संशय घेऊन झालेला असतो. स्त्री असेल तर पाळी जाण्याच्या वयाला दोष दिला जातो. आणि वैद्यही पन्नाशीच्या आतल्या माणसाला आधी ताणाची किंवा नैराश्याची औषधे देऊन पाहतात. त्यात वैद्यांचा दोष थोडा आहे. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉईडचे मांद्य, डोक्याच्या जुन्या माराने कवटीखाली साचलेले रक्त, मेंदूतील पाण्याची वाढ अशा काही कारणांनी होणारा बुद्धिमांद्याचा आभास उपचाराने पुष्कळ अंशी परतवता येतो, आणि त्या तपासण्या आधी होणे हे रुग्णाच्याच हिताचे असते. परंतु तपासण्यांच्या या वाटेवर महिनेच काय, वर्षे जातात, आणि त्या वर्षांत जे घडून जाते ते पुढे कोणत्याही वकिलाला सहसा उलटवता येत नाही.

विमा पॉलिसीच्या कागदावर ‘प्रतीक्षा कालावधी’ हे शब्द छापलेले असतात म्हणून प्रतीक्षा फक्त तेथेच आहे असे आपल्याला वाटते. वस्तुतः आपल्याकडील प्रत्येक लाभ कोणत्या ना कोणत्या तारखेशी बांधलेला आहे. नोकरी सुटली ती तारीख आणि निदान झाले ती तारीख, पॉलिसी घेतली ती तारीख आणि पहिले लक्षण वैद्याच्या कागदावर उतरले ती तारीख, यांतली कोणती आधीची आणि कोणती नंतरची यावर एका कुटुंबाचे पुढचे वीस वर्षांचे अन्नवस्त्र ठरते. म्हणून या लेखात जे सांगावयाचे आहे त्यातले मुख्य आधीच सांगून टाकतो: वागण्यातला किंवा कामातला बदल लक्षात आल्यावर, अपमान टाळण्यासाठी म्हणून, रुग्णाला राजीनामा देऊ देऊ नये. सरकारी सेवेत राजीनाम्याने सामान्यतः मागील सारी सेवा निवृत्तिवेतनापुरती बाद होते. आणि खासगी नोकरीतही जे हक्क केवळ ‘सेवेत असताना’ अपंगत्व आलेल्या माणसाला आहेत, ते त्या एका सहीने संपतात. चौकशी सुरू झालीच असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाचा अहवाल त्या चौकशीच्या दप्तरात तारखेसह दाखल करावा, आणि गैरवर्तनाचे प्रकरण आजारपणाचे म्हणून चालवले जावे असा लेखी अर्ज द्यावा.

आता कारखान्यातील कामगाराचे पाहू, कारण नाशिकमध्ये त्याची संख्या मोठी आहे आणि त्याच्या बाजूने असलेली तरतूद सर्वांत कमी ठाऊक आहे. सन १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली राज्य कामगार विमा योजना, जिला कामगार नुसते ‘ईएसआय’ म्हणतात आणि जिचे रुग्णालय सातपूर येथे आहे, ती महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला लागू होते. दिव्यांग कामगाराच्या बाबतीत ही मर्यादा २५,००० रुपयांची आहे. तीत औषधोपचाराचा हक्क नोंदणीच्या पहिल्या दिवसापासून मिळतो. आजारपणातील रोख भत्त्याचा हिशेब मात्र गुंतागुंतीचा आहे. एप्रिल ते सप्टेंबर या वर्गणीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली तर तिचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा लाभ जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणजे नव्याने लागलेल्या कामगाराला रोख भत्त्यासाठी सुमारे नऊ महिने थांबावे लागते, आणि पात्र झाल्यावरही आजारपणाच्या सामान्यतः पहिल्या दोन दिवसांचा भत्ता नसतो. भत्ता वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतो. स्मृतिभ्रंशासारख्या आयुष्यभराच्या व्याधीला ९१ दिवसांची मुदत म्हणजे काहीच नव्हे असे कोणीही म्हणेल, आणि बहुसंख्य कुटुंबे तेथेच आशा सोडतात.

परंतु याच योजनेत ‘विस्तारित आजारपण लाभ’ नावाची एक तरतूद आहे. दीर्घकाळ चालणाऱ्या ३४ व्याधींची एक यादी तिला जोडलेली आहे. तीत क्षय, कुष्ठ, कर्करोग, पक्षाघात, कंपवात ही परिचित नावे येतात, आणि मनोविकारांच्या गटात, स्किझोफ्रेनियाच्या पंक्तीला, स्मृतिभ्रंशाचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. ज्या कामगाराची विमायोग्य नोकरी दोन वर्षे अखंड झाली आहे आणि मागील चार वर्गणी-काळांत ज्याची १५६ दिवसांची वर्गणी भरली गेली आहे, त्याला या यादीतील आजारासाठी वेतनाच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. आणि आजारपणाचा भत्ता चालू असताना त्याला कामावरून काढून टाकण्यास वा शिक्षा करण्यास मालकाला १९४८ च्या कायद्याने मनाई केली होती. एवढी मोलाची तरतूद असून तिचा उपयोग का होत नाही, याचा विचार केला तर पुन्हा तारखाच आडव्या येतात: निदान होईपर्यंत गैरहजेरीमुळे वर्गणीचे दिवस कमी भरतात, किंवा ठेकेदार बदलल्याने दोन वर्षांची अखंडता तुटते, किंवा माणूस कंटाळून घरी बसलेला असतो आणि मग वर्गणीच थांबलेली असते. ठेकेदारीतल्या कामगाराने आपला विमा क्रमांक एकच ठेवून प्रत्येक नव्या ठेकेदाराकडे तोच नोंदवण्याचा आग्रह धरला पाहिजे, हे मी फार आवर्जून सांगतो.

दोन वर्षांनंतर काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात आहे. १६ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आलेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत सामान्यतः दहा वर्षांची सेवा आणि ५८ वर्षे वय या दोन अटी आहेत. परंतु जो सदस्य नोकरीत असतानाच कायमचा व संपूर्णतः काम करण्यास असमर्थ झाला, त्याला या दोन्ही अटी लागत नाहीत, आणि एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी तो आजन्म निवृत्तिवेतनाचा हकदार ठरतो. वैद्यकीय मंडळापुढे तपासणी व्हावी लागते, आणि रक्कम लहान असते. किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून दरमहा १,००० रुपये आहे, आणि एवढ्या रकमेत आज कोणाचे घर चालत नाही हे सरकारलाही ठाऊक असले पाहिजे. तथापि हक्क लहान म्हणून सोडून देण्याजोगा नाही. शारीरिक वा मानसिक दुर्बलतेमुळे कायमचे काम सुटले तर निधीतील संपूर्ण शिल्लक काढता येते. उपदानासाठी, ज्याला सगळे ग्रॅच्युइटी म्हणतात, सामान्यतः पाच वर्षांच्या अखंड सेवेची अट आहे. मृत्यू किंवा अपंगत्व या कारणाने सेवा संपली तर १९७२ च्या कायद्याने ती अटही काढून टाकली, आणि त्या कायद्यातील अपंगत्वाच्या व्याख्येत अपघाताबरोबर आजारही धरलेला आहे. म्हणजे कायदे करणाऱ्यांना मुदत शिथिल कशी करावी हे अवगत होते.

सरकारी, निमसरकारी आणि सरकारी मालकीच्या कंपन्यांतील माणसाची स्थिती याहून पुष्कळ बरी आहे, आणि नाशिकपुरते बोलायचे तर मुद्रणालये, ओझरचा कारखाना, वीजकेंद्र, महानगरपालिका, जिल्हा परिषद हे सारे त्या कक्षेत येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २० चे चौथे उपकलम सांगते की, सेवेत असताना ज्याला अपंगत्व आले त्या कर्मचाऱ्याला कोणत्याही शासकीय आस्थापनेने काढून टाकू नये वा खालच्या पदावर उतरवू नये. तो त्या पदाच्या कामाला योग्य राहिला नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर न्यावे, आणि तेही शक्य नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, यांतील जे आधी घडेल तोवर, त्याला अधिसंख्य पदावर ठेवावे. १९९५ च्या जुन्या कायद्यातही असेच कलम होते, आणि कुणाल सिंग यांच्या प्रकरणात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, रुग्णता निवृत्तिवेतन देऊन टाकले एवढ्यावरून आस्थापनेची ही जबाबदारी संपत नाही. हा निर्णय पाय गमावलेल्या एका जवानाच्या बाबतीत झाला होता. पाय गमावलेला मनुष्य आपली कैफियत स्वतः मांडू शकतो. स्मरण गमावलेल्याच्या वतीने ती दुसऱ्याने मांडावी लागते, आणि म्हणूनच त्या कलमाची माहिती रुग्णाला असून भागत नाही, ती त्याच्या पत्नीला, मुलीला, संघटनेच्या प्रतिनिधीला असावी लागते.

यानंतर प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. २०१६ च्या कायद्याने मान्य अपंगत्वांचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले, आणि त्यांत कंपवाताला व मल्टिपल स्क्लेरोसिसला नावानिशी स्थान मिळाले. स्मृतिभ्रंशाला मिळाले नाही. तथापि त्या कायद्यातील ‘मानसिक आजार’ या प्रकाराची व्याख्या विचार, भावना, संवेदन यांच्याबरोबर दिशाकाळाचे भान आणि स्मरण यांतील गंभीर बिघाडालाही सामावून घेते, आणि भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी अपंगत्व मोजण्यासाठी तयार केलेली ‘आयडियाज’ ही मोजपट्टी प्रथम लागू झाली तेव्हाच तिच्या पात्र आजारांत स्मृतिभ्रंश घेतलेला होता. नाव यादीत नाही म्हणून कोणी कारकुनाने अर्ज परत केला तर त्याला ही व्याख्या दाखवावी. ही मोजपट्टी चार बाबी पाहते: स्वतःची निगा, इतरांशी वागणूक, संवाद व आकलन, आणि काम, व पाचवी बाब म्हणून आजाराला किती वर्षे झाली त्याचे गुण मिळवते, दोन वर्षांहून कमी असेल तर एक आणि दहा वर्षांहून अधिक असेल तर चार. दीर्घ मनोविकारात हे योग्य असेल. परंतु कर्त्या वयातील स्मृतिभ्रंश पुष्कळदा वेगाने उतरतो, आणि ज्याला नुकतेच निदान मिळाले आहे त्याला सर्वांत कमी गुण देऊन आपण त्याला अधिक बिघडून परत ये असेच सांगत असतो. शिवाय पहिल्या लक्षणाची तारीख कोठेही लिहिलेली नसली तर कुटुंबाने सांगितलेली वर्षे कोणी ग्राह्य धरीत नाही.

त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे नाशिककरांचे ‘सिव्हिल’, हे या प्रमाणपत्राचे ठिकाण. अर्ज ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर करावा लागतो. प्रमाणपत्र देण्यास २०१७ च्या नियमांत एक महिन्याची मुदत होती, ती २०२४ च्या दुरुस्तीने तीन महिने झाली. चाळीस टक्के हा उंबरठा ओलांडला तरच पुढचे बहुतेक लाभ मिळतात. तपासणीच्या दिवशी एक गोष्ट नेहमी घडते, ती आधीच ठाऊक असलेली बरी: अनोळखी डॉक्टरांसमोर रुग्ण एकदम सावरून बसतो, नाव, गाव, पंतप्रधान सारे नीट सांगतो, आणि घरी आंघोळीला कोणते कपडे घ्यायचे हे ज्याला सुचत नाही तोच मनुष्य दहा मिनिटे सुबुद्ध भासतो. याला कपट समजू नये. शिष्टाचाराची सवय स्मरणाहून उशिरा जाते एवढेच. म्हणून सोबत्याने एका वहीत तारीखवार लिहून ठेवावे की अमुक दिवशी वाट चुकली, अमुक दिवशी गॅस चालू राहिला, अमुक महिन्यापासून दाढी दुसऱ्याला करावी लागते. आणि ती वही, जुने वैद्यकीय कागद व कार्यालयातले मेमोदेखील, तपासणीला न्यावेत. ज्या मेमोने माणसाचा अपमान झाला तोच पुढे त्याच्या आजाराच्या आरंभाचा पुरावा ठरू शकतो.

आरोग्यविम्याबद्दल लोकांचा भरवसा वाजवीपेक्षा अधिक आहे असे मला वाटते. विमा नियामक प्राधिकरणाने, आधीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षा कालावधी एप्रिल २०२४ पासून ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणला, आणि ज्या मुदतीनंतर माहिती लपवल्याच्या सबबीवर दावा नाकारता येत नाही, कपट सिद्ध झाल्याखेरीज, ती आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आणली. या दोन्ही सुधारणा स्वागतार्ह आहेत. परंतु २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील दोन कलमे एकत्र वाचली पाहिजेत. एकाने विमा घेतल्यानंतर उद्भवलेले मनोविकार आणि मेंदूच्या झिजेचे विकार वगळण्यास कंपन्यांना मनाई केली. दुसऱ्याने, प्रस्ताव भरतेवेळीच आजार असेल तर, ज्या सोळा व्याधी कायमच्या वगळण्याची मुभा दिली त्यांत अल्झायमरचे नाव आहे. म्हणजे निदान पॉलिसीच्या नंतर झाले तर संरक्षण, आधी झाले तर तीन वर्षे थांबूनही काही न मिळण्याचा संभव. कारखान्याच्या सामूहिक विम्यात बहुधा प्रतीक्षा नसते, पण तो नोकरीबरोबर जातो. नोकरी संपण्यापूर्वीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची मागणी लेखी करून ठेवणे श्रेयस्कर.

आणि एवढे करूनही विमा देतो काय? तो मुख्यतः इस्पितळात दाखल झाल्याचा खर्च देतो. स्मृतिभ्रंशाचा खरा खर्च घरात होतो: दिवसभर सोबत बसणारा मनुष्य, रात्रीची जाग, नोकरी सोडून घरी राहिलेली पत्नी, आणि अर्धवट सुटलेले मुलीचे शिक्षण. नियामकाने ज्या २२ गंभीर आजारांच्या व्याख्या प्रमाणित केल्या, ज्यांचे निदान होताच एकरकमी पैसे मिळतात, त्यांत पक्षाघात आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, अल्झायमर नाही. सरकारी योजनांकडे वळावे तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत प्रतीक्षा मुळीच नाही, पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, परंतु तेही ठरवून दिलेल्या इस्पितळी उपचारांपुरते. आयुष्मान योजनेचा उत्पन्नाची अट नसलेला जो विस्तार २०२४ साली झाला तो सत्तरीपुढच्यांसाठी आहे. प्राप्तिकराच्या १९६१ च्या कायद्यातील कलम ८०डीडीबीखाली ज्या मज्जाविकारांच्या खर्चाची वजावट मिळे त्यांत स्मृतिभ्रंश पहिलाच होता, पण ज्येष्ठ नागरिकासाठी एक लाख आणि त्याहून तरुण रुग्णासाठी ४०,००० रुपये. ज्या घरात अजून मुले शिकत आहेत आणि हप्ते फिटावयाचे आहेत, त्या घराला कमी सवलत का, याचे समर्थन मला सुचत नाही.

ज्या देशाकडे आपण व्यवस्थेचा नमुना म्हणून पाहतो तेथेही ही प्रतीक्षा चुकलेली नाही. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेच्या अपंगत्व भत्त्याला पाच महिन्यांची प्रतीक्षा आहे, आणि भत्ता सुरू झाल्यावर ‘मेडिकेअर’ हा सरकारी आरोग्यविमा मिळण्यास आणखी २४ महिने. नोकरी गेल्याने कंपनीचा विमा गेलेला, आणि सरकारी विमा दोन वर्षे दूर, अशा मधल्या खिंडीत तेथील मराठी कुटुंबेही सापडू शकतात. कर्त्या वयातील अल्झायमर २०१० साली तेथील अनुकंपा यादीत गेला, त्यामुळे अर्जाचा निकाल वर्षांऐवजी आठवड्यांत लागू शकतो. पण निकाल लवकर लागला म्हणून २४ महिने कमी होत नाहीत. स्नायूंचा घात करणाऱ्या एएलएस या व्याधीला मात्र दोन्ही मुदती माफ आहेत, एक २००१ पासून आणि दुसरी डिसेंबर २०२० च्या कायद्याने. ज्या व्याधीत थांबायला वेळ नसतो तिला थांबवू नये, हे तत्त्व एकदा मान्य केले की त्या माफीत दुसरे नाव घालण्यास कोणती तात्त्विक अडचण राहते? आपल्याकडे तर मार्ग याहून सोपा आहे. २०१६ च्या कायद्याच्या अनुसूचीतील शेवटची नोंद अशी आहे की केंद्र सरकार अधिसूचनेने आणखी कोणताही प्रकार घालू शकेल. त्यासाठी संसदेत विधेयक आणावे लागत नाही.

या साऱ्या विवेचनात पगारदार माणसाचेच वर्णन झाले, आणि नाशिक जिल्हा तर द्राक्ष-कांद्याचा. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराचे सारे वर्ष छाटणीपासूनच्या दिवसांवर मोजले जाते; एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, आणि त्यापुढे कोणत्या दिवशी कोणती फवारणी हा हिशेब ज्याच्या डोक्यात वीस वर्षे बसलेला आहे त्याचा तो चुकू लागला, तर त्याला मेमो देणारा कोणी नसतो आणि राजीनामा घेणाराही नसतो. त्याला ईएसआय नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, अधिसंख्य पद नाही. चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळाले आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असले, तर तहसील कचेरीतून संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे मासिक अनुदान मिळू शकते. एसटीच्या प्रवासभाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. बागायतदाराचे उत्पन्न कागदावर त्या मर्यादेत बसणे अवघड, आणि प्रत्यक्षात बाग कर्जात गेलेली असते.

त्याच्या बाबतीत भत्त्याहून मोठा प्रश्न सहीचा आहे. ज्याची समज गेली आहे त्याने केलेला करार कायद्याने टिकत नाही, परंतु तो टिकत नाही हे सिद्ध करण्याचा भार कुटुंबावर येतो, आणि तोवर सातबाऱ्यावर फेरफार होऊन गेलेला असतो. कुलमुखत्यारपत्र करून ठेवले की निश्चिंती झाली असे अनेकांना वाटते. पण करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणारा भ्रमिष्ट झाला की ते पत्रच संपुष्टात येते, म्हणजे ज्या दिवसासाठी ते केले त्याच दिवशी ते निरुपयोगी होते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याची जिल्हा पातळीवरील पालकत्वाची सोपी पद्धत स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगत्व एवढ्यांनाच लागू आहे. म्हणून स्मृतिभ्रंश झालेल्या प्रौढाच्या पत्नीला त्याच्या ठेवी मोडण्यासाठी वा जमिनीचा व्यवहार करण्यासाठी बहुधा मुंबईच्या उच्च न्यायालयात रिट अर्ज करून पालक म्हणून नेमून घ्यावे लागते; न्यायालयाने अशा नेमणुका केल्या आहेत, पण निफाडहून तेथपर्यंतचा वकिलाचा आणि हेलपाट्यांचा खर्च प्रत्येकीला झेपत नाही. २०१६ च्या कायद्याच्या कलम १४ ने मर्यादित पालकत्व देण्याचा अधिकार जिल्हा न्यायालयाला दिलेला आहे. तो नाशिकच्या न्यायालयात मागितला जावा, आणि बँकांनी व तलाठ्यांनी त्या आदेशाला उच्च न्यायालयाच्या आदेशाइतकाच मान द्यावा, अशी लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांनी काढावयास हवी. तोपर्यंत, निदान हाती पडल्यावर रुग्णाला अजून उमज आहे अशा त्या थोड्या महिन्यांत, बँकेचे खाते दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असे संयुक्त करून घ्यावे, मृत्युपत्र करून त्या दिवशीचा डॉक्टरांचा दाखला त्याला जोडावा, मानसिक आरोग्य अधिनियम, २०१७ खाली आपल्या उपचारांसाठी नामनिर्देशित प्रतिनिधी कोण हे रुग्णानेच लिहून द्यावे, आणि बागेचा हिशेब, कर्जाचे हप्ते व पॉलिसीचे क्रमांक त्याच्याकडून एकदा नीट विचारून उतरवून घ्यावेत.